पोरगा अग्निवीर व्हायचं म्हणतोय, आई नको म्हणते

मी समुपदेशक आहे. सैन्य भरतीच्या ऑनलाइन परीक्षेची जाहिरात आली की माझ्याकडे दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक, "मॅडम पोरगा अग्निवीरच व्हायचं म्हणतोय, त्याला जरा समजवा." दुसरा बरोबर उलटा, "घरात तीन पिढ्या फौजी आणि हा पळायलाच नको म्हणतो, त्याला जरा समजवा." दोन्हीकडे अपेक्षा एकच, की आमचं म्हणणं मॅडमनी त्याच्या गळी उतरवावं. ते मी करत नाही. मग काय करते ते एका घराच्या गोष्टीतून सांगते. (दोन-तीन घरांचे तपशील मिसळलेत, ओळख पटू नये म्हणून.)

सातारा जिल्ह्यातलं घर. आमच्या भागात मिलिटरी म्हणजे काही नवलाई नाही, अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावच्या 46 माणसांचा जीव गेला, तिथं स्मारक आहे. तर ह्या घरातले वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर, आता एका बँकेत सिक्युरिटीला. पोरगा 19 चा, बारावी झालेली, पहाटे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीचं ग्राउंड, दुपारी झोप, संध्याकाळी परत ग्राउंड. आणि आई, जिनं नवऱ्याची अख्खी नोकरी गावात एकटीनं काढली, सासू-सासरे सांभाळून. ती म्हणते, एकाला दिलं तेवढं बास.

पहिल्या दिवशी तिघं एकत्र आले आणि मला काही बोलायची संधीच मिळाली नाही. आई म्हणाली, तिकडं गोळी लागली तर? पोरगा म्हणाला, इथं हायवेला ट्रकनं उडवलं तर? आई म्हणाली, बीएस्सी कर. पोरगा म्हणाला, बीएस्सी झालेले कितीजण चौकात बसलेत ते दाखवू का? वडील खिडकीबाहेर बघत होते.

आता ह्यात एक गंमत आहे. माणूस मनातून अर्धा इकडं अर्धा तिकडं असतो आणि समोरच्यानं एकच बाजू लावून धरली की तो आपोआप दुसऱ्या बाजूचा वकील होतो आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ऐकून पक्का होत जातो. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1983 मध्ये दारू सोडवायच्या कामातून हे मांडलं आणि आज जगभर समुपदेशक ते वापरतात. आई जेवढं नको म्हणत होती तेवढा हा भरती व्हायची कारणं शोधत होता, स्वतःच्या शंका बघायला त्याला वेळच नव्हता. म्हणून आईला एकच काम दिलं, पुढच्या भेटीपर्यंत घरात बॉर्डर आणि गोळी हा विषय काढायचा नाही. तिला ते फार जड गेलं, पण तिनं पाळलं.

मग पोराला एकट्याला बसवलं. का जायचंय? "देशसेवा." हे उत्तर खोटं असतं असं समजू नका, मी तरी समजत नाही. पण ते पाठ असतं, अकॅडमीत सगळ्यांचं सारखंच पाठ असतं. पुन्हा विचारलं, तर म्हणाला शिस्त, फिटनेस, घरात बसून वजन वाढतंय पोरांचं. ठीक. अजून थोडं थांबले. मग चुलतभाऊ बाहेर आला.

चुलतभाऊ ह्याच्यापेक्षा मोठा, पळायला ह्याच्यापेक्षा भारी. 2020 ते 2022 कोरोनामुळं आर्मीची भरती जवळजवळ ठप्पच होती, नेमकं तेव्हाच त्याचं वय निघून चाललेलं. जून 2022 ला अग्निपथ योजना आली, म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात अग्निवीर म्हणून भरती आणि नंतर त्यातले 25 टक्केच कायम, वयाची अट साडेसतरा ते 21, फक्त त्या पहिल्या वर्षी 23 पर्यंत सूट दिली. त्या एका संधीत चुलतभाऊ ग्राउंडला पास झाला आणि मेडिकलला बाद झाला. आता पिकअप चालवतो, चार पैसे बरे कमावतो, पण गावात अजून त्याची ओळख 'भरतीला गेलेला, झाला नाही' अशीच आहे. पोरगा म्हणाला, "मॅडम मला तसं व्हायचं नाय." हे मात्र पाठ केलेलं नव्हतं.

म्हणजे बघा, घरात भांडण चाललेलं गोळीवरून आणि पोराच्या डोक्यात गोळी नव्हतीच. त्याला भीती होती ओव्हरएज व्हायची.

मग मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. समज भरती झालास, चार वर्षं झाली, आणि कायम ठेवतात त्या 25 टक्क्यांत तुझं नाव आलं नाही. परत आलास. पाचव्या वर्षातला एक साधा मंगळवार आहे, सकाळचे साडेनऊ. तू कुठं आहेस, अंगावर कपडे काय आहेत, काय काम करतोयस? ह्याआधी हा पोरगा पासिंग आउट परेडपासून पोस्टिंगपर्यंत न थांबता बोलत होता, आणि इथं आला नि गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, पोलीस भरती देईन. बरं, त्याचा अभ्यास कधी? "तिथनंच करीन." तिथं वर्षाला सुट्टी 30 दिवस. परत गप्प.

पुढच्या भेटीला वडिलांना मुद्दाम बोलवलं, कारण मला संशय होता की हे घर ज्या नोकरीबद्दल भांडतंय ती वडिलांची नोकरी आहे, पोराची नाहीच. वडिलांच्या वेळी 15 वर्षं भरली की पेन्शन पक्की, वर स्वस्त सामानाचं मिलिटरी कँटीन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, माजी सैनिक म्हणून पुढच्या नोकरीत जागा. अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडला तर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा पण नाही. ह्या अटी जाहीर आहेत, कुणी लपवलेल्या नाहीत, पण वडिलांनी त्या वाचल्याच नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं काय, तर "म्हणजे ह्याला कँटीनचं कार्डपण नाय?" पोरगा हसला. आईसुद्धा.

मग कागदावर हिशोब मांडला. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 30 टक्के सेवानिधीला, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या फंडाला, कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. आपले कापलेले साधारण 5 लाख आणि सरकारचे तेवढेच, व्याज धरून शेवटी 11 लाखांच्या पुढं मिळतात, त्यावर टॅक्स नाही. नोकरीत असेपर्यंत 48 लाखांचा विमा, त्याचा हप्ता भरावा लागत नाही. विशीच्या पोरासाठी ही रक्कम लहान नाही हे मी स्पष्ट बोलले, शहरात कंपनीत कंत्राटावर लागलेल्या त्याच वयाच्या पोराकडे चार वर्षांनी एवढं साठलेलं मी तरी बघितलेलं नाही. पण ह्या पोरानं त्या 11 लाखांत बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब आणि सेकंडहँड स्कॉर्पिओ असं तिन्ही बसवलं होतं. त्या मंगळवारासाठी किती ठेवले? शून्य.

चार्ल्स मॉस्कॉस म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1977 मध्ये मांडलं की अमेरिकन सैन्य हे व्रतासारख्या संस्थेकडून साध्या नोकरीकडे सरकतंय. मला आपल्याकडे दिसतं ते असं की घराघरात दोन्ही एकत्रच असतं. पोरगं व्रत म्हणून बोलतं आणि पगाराचा हिशोब आतल्या आत करतं, कारण पगार बोलला तर देशप्रेम कमी दिसेल ना! मला ह्यात लाज वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. पगार मोकळेपणानं बोलणारा पोरगा निदान अटी तरी वाचतो.

आता दुसऱ्या फोनबद्दल, थोडक्यात. वडील नायब सुभेदार म्हणून निवृत्त, पोरगा अकॅडमीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आरामात मारायचा आणि खऱ्या ग्राउंडवर शेवटच्या राउंडला चालायला लागायचा. सगळ्यांना वाटलं टेन्शन येतं, श्वासाचे व्यायाम शिकवा. श्वास एकदम छान होता त्याचा! त्याला नापास व्हायचं होतं, कारण वडिलांना तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा पाय दुखला म्हणणं सोपं. मरणाची भीती होती का? नाही. तो म्हणाला, "आमच्याकडं पप्पा म्हणजे सुट्टी. आले की महिनाभर मटण, गेले की मम्मीचं रडणं. मला माझ्या पोरांना तसं वाढवायचं नाही." आणि हे तो बोलला ते वडिलांसमोर बोलला. वडिलांना राग आला नाही, वाईट वाटलं, आणि मला विचाराल तर वाईट वाटायलाच हवं होतं, त्यात सावरायला जायचं नसतं. पोरगा आता आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेडला. ह्याला भित्रा म्हणणारे नातेवाईक आहेतच, त्यातले बहुतेक स्वतः कधी भरतीच्या रांगेत उभे राहिलेले नाहीत.

आईवडिलांना माझं सांगणं काय, तर आधी भांडण बदला. जावं की नाही ह्यावर दोन तास घालवण्यापेक्षा त्या वर्षाची जाहिरात समोर ठेवून अटी सगळ्यांनी मिळून वाचा, वयाची तर दरवेळी नव्यानं बघा. अकॅडमीची फी भरायच्या आधी डॉक्टरकडून सपाट पाय, गुडघे, कान, डोळे बघून घ्या, वर्षभर पळून मेडिकलला बाद होणं हे फार जिव्हारी लागतं. आणि पाचव्या वर्षाचं काहीतरी आत्ताच ठरवा, अगदी कच्चं असलं तरी चालेल. इग्नूचा खास अग्निवीरांसाठीचा पदवी अभ्यासक्रम आहे, केंद्रीय पोलीस दलांत त्यांना आरक्षण जाहीर झालंय, त्याची माहिती आधी काढून ठेवलेली बरी.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. पोरगं ब्रेकअपनंतर किंवा घरातल्या भांडणानंतर अचानक "मी बॉर्डरवर जाऊन मरतो" म्हणायला लागलं, किंवा भरतीत बाद झाल्यावर खाणं-बोलणं तोडून बसलं, तर तो करिअरचा प्रश्न नाही. सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाहीत. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात.

पहिल्या घरातल्या पोरानं परीक्षा दिली, निकाल लागायचाय. अकॅडमीच्या जोडीला त्यानं मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं, पोलीस भरतीचा फॉर्मही भरणार म्हणतोय. स्कॉर्पिओ यादीतून गेली, स्लॅब अजून आहे. आईचं मत बदललेलं नाही, ती अजून नकोच म्हणते, फक्त आता ती सकाळी साडेचारला उठून त्याला चहा करून देते आणि मग नको म्हणते.