वर्डमधल्या प्रबंधात प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या-त्या प्रकरणाचं नाव आपोआप कसं आणायचं?

नागपूरच्या सीताबर्डीला बाइंडिंगला द्यायच्या घाईत नावं हाताने टाइप करू नका. आधी प्रकरणांच्या शीर्षकांना 'हेडिंग १' स्टाइल लावा. नुसतं ठळक, मोठं केलेलं शीर्षक वर्डला ओळखताच येत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मग हेडरवर, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या मोकळ्या जागेत, डबल-क्लिक करून इन्सर्ट, क्विक पार्ट्स, फील्ड, 'स्टाइलरेफ' (StyleRef), 'हेडिंग १' असं क्रमाने निवडा. झालं.

उपशीर्षक हवं तर 'हेडिंग २'. एका पानावर दोन उपशीर्षकं असली तर हेडरमध्ये पहिलं येतं. शेवटचं हवं असल्यास फील्डच्या त्याच चौकटीत पान खालून वर शोधण्याचा पर्याय निवडा. पानावर एकही नसेल तर मागचं चालू राहतं. माझ्या मते प्रबंधाला प्रकरणाचंच नाव शोभतं, उपशीर्षकांनी माथा फार गजबजतो. प्रकरणाच्या पहिल्या पानाचा माथा कोरा ठेवायला सेक्शन ब्रेक (नवा विभाग सुरू करणारी खूण) आणि 'डिफरंट फर्स्ट पेज' वापरा.