दारावर लिहिलेलं ‘नाळे बा’

‘एकदा हे मार्गी लागलं की सुरू करतो.’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की मोजायचं सोडून दिलं. पावसाळ्यात माझ्याकडं समुपदेशनाला येणारे म्हणतात, जरा ऊन पडू दे. दिवाळीनंतर येणारे म्हणतात, थंडी सरू दे. गाणं सुटलेली गृहिणी, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना नुसती कव्हरं घालून ठेवणारा मुलगा, चित्रकार. सगळ्यांची काळजी एकच. ‘मॅडम, मूडच लागत नाही. मी आळशी झालोय काय?’ प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एका सरांची गोष्ट सांगते. त्यांना विचारून, आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

सर ड्रॉइंग मास्तर. पोरांना लोअर-हायर ग्रेडच्या परीक्षांना बसवण्यात सगळी नोकरी गेली, साठीला निवृत्त झाले. बेळगावच्या वडगावात घर, माडीवर चित्रांची खोली, शेजारी मागांची खटखट, मागं परडं. दसरा झाल्यावर पहिल्यांदा आले. दिवस कसा जातो विचारलं. फिरायला जाणं, दूध आणणं, नातवाला शाळेच्या रिक्षात बसवणं, मग माडीवर जाऊन ब्रश धुणं.

‘वापरलेच नाहीत, तर धुता कशाला?’

‘धूळ बसते की ओ.’

त्यानंतर पेन्सिलींना टोक काढणं. आणि मग वही.

ती वही त्यांनी मला दाखवली. परड्याचे नकाशे. सोनचाफ्याची सावली दुपारी तीनला कुठवर पडेल ते विटकरी पेन्सिलीनं, पाण्याचे पाट निळ्या शाईनं, मोगऱ्याच्या दोन रांगा, काठानं अबोली, कोपऱ्यात बकुळ आणि बकुळीखाली एक छोटं स्टूल. वसंतात बाग फुलली की त्या स्टुलावर बसून सर चित्रं काढणार होते. अशी तेवीस पानं. प्रत्यक्ष परड्यात एक जुना मोगरा आणि दोरीवर वाळत घातलेली गोधडी. ‘ह्यांची बाग कागदावरच फुलते,’ असं त्यांच्या मिसेस म्हणाल्या, आणि त्या काही चेष्टेनं म्हणाल्या नव्हत्या.

झोप, भूक, जगण्यातली गोडी हे मी आधी विचारून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सगळंच नकोसं वाटत असेल, झोप उडाली असेल, तर प्रश्न वेगळा असतो आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं असतं. तिथं ‘उठा, कामाला लागा’ म्हणणं क्रूरपणा आहे. सरांचं तसं नव्हतं. ते जेवत होते, हसत होते, नातवाला गोष्टी सांगत होते. फक्त कोऱ्या कागदापुढं बसत नव्हते.

माझी पहिली खेळी फसली, हेही सांगते. मी त्यांना वेळापत्रक करायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते तक्ता घेऊन आले: भोवती वेलबुट्टी, दोन रंगांत कोरीव अक्षरं, वारांच्या नावांना छाया. चौकटी सगळ्या रिकाम्या. आम्ही दोघंही हसलो.

मग त्यांनी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची साक्ष काढली. ‘त्यानं आधी बाग केली, मग चित्रं. मी काय वेगळं म्हणतोय?’ मी घरी जाऊन वाचलं. (सरांपुढं अभ्यास न करता बसणं बरं नव्हे.) मोने १८८३ साली फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी राहायला गेला. कमळांच्या तळ्यासाठी जागा घेतली १८९३ला. मधली दहा वर्षं तो काय करत होता? शेतातल्या गंजी रंगवत होता, नदीकाठची पॉप्लरची झाडं रंगवत होता. जे समोर होतं ते. हे सांगितल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आयुष्यभर पोरांच्या चित्रांना मार्क दिले मी. आता माझं काढलं, तर मला दहापैकी तीनच्या वर देता येणार नाहीत. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या गावात असलं चित्र कुणाला दाखवू?’

खरं दुखणं हे. वसंताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जो विचार मांडला, मी त्या वाटेनं जाणारी आहे. इच्छा धरायला त्याची हरकत नाही. इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडकतो. वसंत यावा, चित्र सुंदर व्हावं, ही इच्छा. वसंत आल्याशिवाय हात चालणार नाही आणि चालला तर चित्र सुंदरच झालं पाहिजे, हा हट्ट. पण हे मी सरांना सांगितलं नाही. सांगून पटतं असं होत नाही. ज्याचं त्याला दिसावं लागतं.

त्यांना दिसलं डिसेंबरात. त्या दिवशी आले ते मफलर न सोडताच बोलायला लागले. शेजारच्या कन्नड अज्जींनी सकाळी कुंपणावरून हाक मारून मोगऱ्याकडं बोट दाखवलं होतं: ‘मल्लिगे बेकंद्र ईग कत्तरसरी.’ मोगरा हवा असेल तर आत्ता कापा. थंडीत पाणी तोडायचं, फांद्या हात-दीड हातावर छाटायच्या, तर उन्हाळ्यात कळी धरते. सर अज्जींना म्हणाले, ‘नाळे माडतीनी.’ उद्या करतो. त्यावर अज्जी काय म्हणाल्या? ‘दारावर लिहून ठेवा, नाळे बा.’

आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगायला नको, पण घाटाखालच्या वाचकांसाठी सांगते. रात्री भूत येऊन दारावर हाक मारतं म्हणून कर्नाटकात लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहीत. भूत वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचतं.

‘मॅडम,’ सर म्हणाले, ‘मी माडीच्या दारावर ते लिहिलंय. भुतासाठी नाही. चित्रासाठी.’

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात एवढं मला जमायला लागलंय, की असल्या वेळी गप्प बसावं. बाहेर रिक्षा गेली, चहा निवला. सरांनी मफलर सोडला आणि विचारलं, ‘मग आता?’

मोगरा छाटा, म्हटलं. आणि त्या छाटलेल्या काड्यांचं चित्र काढा. पंधरा मिनिटं, रोज, मागांची खटखट चालू असताना. चांगलं काढायचं नाही. दहापैकी तीनचंच काढायचं. मार्क मागं लिहायचे आणि कागद पेटीत टाकायचा.

वाचणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. मूड आला की काम होतं, असं आपण धरून चालतो. मी पाहिलंय ते बहुतेक वेळा उलट. हात आधी हलतो, मन मागून येतं, कधी कधी येतच नाही, तरी पंधरा मिनिटं झालेली असतात. काम इतकं लहान करा की टाळायलाच लाज वाटावी: गाणाऱ्या बाईनं तंबोरा जुळवून चार वेळा सा लावावा आणि उठावं. तयारीचं काम वेगळं मोजा. ब्रश धुणं, वही आखणं, कव्हर घालणं हे काम वाटतं, दमवतंही, पण ते दारावरचं लिखाण असू शकतं. आणि वसंताची ओढ मारू नका. सरांची वही मी फाडायला लावली नाही. असली ओढ असलेला माणूस मला आवडतो.

होळीच्या आधी सर पेटी घेऊन आले. एकोणचाळीस कागद. पहिल्यांवर मागं लाल पेन्सिलीनं तीन, तीन, दोन, चार. विसाव्या कागदानंतर मार्क लिहायचे राहूनच गेले होते. माझ्याही ते उशिरा लक्षात आलं. एका कागदावर मातीचा अंगठा उमटलाय, तो नातवाचा. मोगऱ्याला कळी अजून नाही, पालवी मात्र आलीय. अज्जींचं म्हणणं, सरांनी पाणी लवकर सोडलं.