चाळीस फोटोंचे आधी बारा कर

तू पाठवलेले चाळीसही फोटो नीट पाहिले, त्यातले चांगले बाराच निवड. मरीन ड्राइव्हचे सूर्यास्तच अकरा, त्यातले सात तिरके. कॅमेऱ्यात ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, सुरू कर आणि समुद्राची रेघ त्यातल्या आडव्या रेघेला जुळव. अकरातला एकच ठेव.

माणसं पुसट आलीत, पण त्यासाठी नवी लेन्स घेऊ नकोस. शटर १/३० वर होतं, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं. चालत्या माणसाला १/२५० तरी लागतं. उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढव. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, चेहरा हललेला चालत नाही.

आता दादरच्या फुलबाजारात जा, सेनापती बापट मार्गावर, पहाटेच. झेंडूच्या ढिगाजवळ एका जागी उभा राहा. हार करणाऱ्या मावशींना आधी विचार, मगच कॅमेरा वर कर. त्या ‘काढ की’ म्हणाल्या की दोन पावलं पुढे सरक: दोरा ओढणारी बोटं, ओलं गोणपाट, वजनकाट्यावरचा हात. हमालांची वाट मात्र अडवू नकोस, त्यांच्या डोक्यावर ओझं असतं.

आणि हो, चुलतबहिणीच्या लग्नाचं काम इतक्यात घेऊ नकोस. तिथे दुसऱ्या फोटोग्राफरसोबत नुसता उभा राहा, शिकायला मिळेल. बारा फोटो निवडून झाले की मूळ फाइलींसकट पाठव, बसून बघू.