आरव्हीच्या गीझरला गॅस आणि इलेक्ट्रिक अशी दोन बटणं का असतात? कोणतं कधी लावायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने (आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीने) अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाताय, भिंतीवरच्या पॅनेलवर गीझरची दोन बटणं आहेत, एक गॅसचं आणि एक इलेक्ट्रिकचं, बाजूला लाल दिवा आहे, आणि दोन्ही बटणं चुकून एकदम लागली तर काय होईल याची धास्ती वाटते. धास्ती सोडा. दोन्ही एकदम लावली तरी काही बिघडत नाही, उलट पाणी लवकर तापतं. बिघडतं ते टाकी रिकामी असताना बटण लावलं तर. त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण गाडी ताब्यात घेताना ते कुणी नीट सांगेलच असं नाही. माझी स्वतःची ट्रेलर आहे आणि आमच्याकडचे आई-वडीलही उन्हाळ्यात सोबत असतात, त्यामुळे सकाळच्या गरम पाण्याचं महत्त्व मला पुरेपूर माहीत आहे.

बहुतेक आरव्हींत सबर्बन किंवा ॲटवूड कंपनीचा गीझर असतो (ॲटवूड आता डोमेटिककडे आहे). टाकी ६ किंवा १० गॅलनची, म्हणजे साधारण २३ किंवा ३८ लिटरची. ही एकच टाकी तापवायच्या दोन स्वतंत्र सोयी त्यात असतात. इलेक्ट्रिकचं बटण लावलं की पाण्यात बुडालेली १४०० वॉटच्या आसपासची कॉइल १२० व्होल्टवर तापते. गॅसचं लावलं की प्रोपेनचा बर्नर पेटतो आणि त्याची ज्योत टाकीच्या पोटातून जाणाऱ्या नळीत शिरते. गावाकडे तांब्याचा बंब पाहिला असेल तर मधल्या नळीतला जाळ आणि भोवती पाणी ही रचना लगेच डोळ्यांसमोर येईल. हल्ली काही गाड्यांत टाकीच नसते, वाहतं पाणी तापतं. पण तुमच्या पॅनेलवर दोन बटणं आहेत, म्हणजे तुमचा टाकीवालाच धरून चाला.

आता ती रिकाम्या टाकीची गोष्ट. कॉइल पाण्याबाहेर तापली तर बघता बघता जळते, आणि भाड्याच्या गाडीत तो खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. म्हणून आधी पाणी, मग बटण. पाण्याचा पाइप जोडा किंवा पंप चालू करा आणि सिंकचा गरम पाण्याचा नळ उघडा. आधी हवा फुसफुसेल, नळ थुंकल्यासारखा उडेल, मग एकसंध धार येईल. ती आली की टाकी भरली. यात एक मेख आहे. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून टाकीला वळसा घालणारे व्हॉल्व्ह दिलेले असतात. ते त्याच स्थितीत राहिले असतील तर टाकी कोरडी ठणठणीत असूनही नळाला पाणी छान येतं! हवा न येता लगेच धार लागली तर शंका घ्या. बाहेरच्या बाजूला गीझरची जाळीदार झडप उघडा, वरच्या भागात पितळी प्रेशर व्हॉल्व्ह दिसेल. गीझर पूर्ण थंड असतानाच त्याची दांडी हलकेच उचला. पाणी आलं तर टाकीत पाणी आहे. नाही आलं तर बटणांना हात लावू नका, आधी गाडीवाल्यांना फोन करा.

झडप उघडलीच आहे तर आणखी एक पाहून घ्या. सबर्बनच्या बऱ्याच मॉडेल्सना खाली डाव्या कोपऱ्यात, गॅसच्या नळीच्या मागे, एक छोटं काळं बटण असतं. इलेक्ट्रिक कॉइलचं मुख्य बटण ते. ते बंद असेल तर आतलं इलेक्ट्रिकचं बटण कितीही दाबा, पाणी थंडच राहणार. कित्येकांना हे बटण आहे हेच माहीत नसतं आणि ते गीझर बिघडला म्हणून रात्र काढतात.

कोणतं कधी लावायचं, याचं उत्तर तुम्ही कुठे मुक्काम करताय यावर आहे. यलोस्टोनच्या आत वीज-पाण्याची जोडणी असलेलं कॅम्पग्राउंड एकच, फिशिंग ब्रिज. तिथे इलेक्ट्रिक लावा, तुमचा प्रोपेन वाचेल. फक्त विजेचा हिशोब ठेवा. आपल्याकडे २३० व्होल्टवर २००० वॉटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर घेतो. इथे १२० व्होल्टवर १४४० वॉटलाच १२ अँपिअर लागतात. गाडीची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एकूण ३६०० वॉटच हाताशी. गीझर, एसी आणि बाबांच्या चहासाठी मायक्रोवेव्ह असं तिन्ही एकदम चाललं की ब्रेकर पडतो. अशा वेळी गीझर गॅसवर टाका. ५० अँपिअरची गाडी असेल तर ही कटकट नाही.

मॅडिसनसारख्या जोडणी नसलेल्या कॅम्पग्राउंडवर मात्र गॅसच. तिथे १२० व्होल्टच नसतात, त्यामुळे इलेक्ट्रिकचं बटण लावून उपयोग नाही. गाडीत मोठा इन्व्हर्टर असेल आणि गीझर त्यावर जोडलेला असेल तर ते बटण लावूच नका. ती कॉइल १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२० अँपिअरच्या वर ओढेल. १०० अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही टिकणार नाही. आणि बॅटरी गेली की गॅसचा गीझरही गेला, कारण ठिणगी पाडणारं आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडणारं सर्किट त्याच बॅटरीवर चालतं.

लाल दिवा गॅसच्या बाजूचा आहे. बटण लावल्यावर टिकटिक ऐकू येते, मग भस्सकन ज्योत धरल्याचा आवाज. तेवढ्यात दिवा क्षणभर लागून विझला तर सगळं ठीक. लागलेलाच राहिला तर समजा, सर्किटने प्रयत्न करून पाहिले, ज्योत धरली नाही आणि गॅस बंद करून टाकला. ही सुरक्षेची सोय आहे. बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा. बहुतेक वेळा नळीत हवा अडकलेली असते. आधी शेगडी पेटवून ज्योत निळी आणि स्थिर होऊ द्या, मग गीझर लावा. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. झटक्यात उघडला तर आतली सुरक्षा-झडप गॅस रोखते. बर्नरच्या नळीत कोळी किंवा कुंभारीण माशी घर करते, हेही एक नेहमीचं कारण, पण ते साफ करणं गाडीवाल्यांचं काम. दोन-तीनदा करूनही धरलं नाही तर सोडून द्या. गॅसचा वास आला तर सगळ्यांना बाहेर काढा आणि सिलिंडर बंद करा, बाकी सगळं नंतर.

६ गॅलनच्या टाकीला इलेक्ट्रिकवर पाऊण ते एक तास लागतो, गॅसवर साधारण निम्मा. यलोस्टोन तळं २३०० मीटरहून उंचावर आहे, जुलैतही पहाटे कडाका असतो आणि पाणी बर्फासारखं येतं, तेव्हा जास्तीचाच वेळ धरा. जोडणी असेल तर पहाटे दोन्ही बटणं लावून ठेवा. टाकीतलं पाणी ५४ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, वयस्कर माणसांच्या त्वचेला ते पोळेल. आधी थंड सोडून मग गरम मिसळायला त्यांना सांगा. शॉवर सोडून ठेवला तर पाच-सहा मिनिटांत गरम पाणी संपतं. बादली-तांब्याने दोघांच्या आंघोळी निवांत होतात, म्हणून एक छोटी बादली जरूर न्या.

गाडी हलवण्याआधी गॅसचं बटण बंद करा, आणि पेट्रोल पंपावर तर गॅसवरचं काहीही पेटतं नको. तापलेलं पाणी काही तास गरम राहतं, त्यामुळे प्रवासात गीझर चालू ठेवायची गरज पडत नाही.

एवढं करूनही पाणी कोमटच आलं तर बाहेरचा शॉवर बघा. गाडीच्या कडेला पाय धुवायला एक हँड-शॉवर असतो. त्याचे गरम-थंड दोन्ही नळ उघडे आणि फक्त हातातलं बटण बंद असं राहिलं तर थंड पाणी आतल्या गरम पाइपात मिसळत राहतं. ते दोन्ही नळ घट्ट बंद करा.