आभार याच आठवड्यात मान

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. अर्धमॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर धावून पूर्ण केलेस, त्यानिमित्तानं संस्थेसाठी ठरवल्यापेक्षा जास्त देणगी जमली, वाचून ऊर भरून आला. दोन-तीन दिवस जिना उतरताना मांड्या बोलतील, पण ते आपोआप बरं होईल. आभारांचं तसं नाही. ते लांबणीवर पडले की राहूनच जातात, म्हणून लगेच लिहायला बसलो.

सगळ्यांना एकच मेसेज पाठवून मोकळी होऊ नकोस. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ वाचताना हे आपल्यासाठी लिहिलंय असं कुणालाच वाटत नाही. देणगीदारांची यादी समोर घे आणि एकेकाला नावानं लिही. दोन ओळी पुरेत, पण त्या दुसऱ्या कुणाला पाठवता येऊ नयेत. कुणी आपल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीत पैसे दिले असतील, तर त्या माणसाचं नाव तुझ्या पत्रात येऊ दे. तुझा सराव धड सुरूही झाला नव्हता तेव्हा कुणी निव्वळ तुझ्या शब्दावर रक्कम भरली असेल, तर ते तुझ्या लक्षात आहे हे त्यांना कळू दे. रक्कम पाहून पत्र लहान-मोठं करू नकोस; देणं कुणाला किती जड गेलं हे आकडा सांगत नाही. कुणी किती दिले याची चारचौघांत वाच्यता तर मुळीच नको.

पैसे तुझ्या नावावर जमले, तरी ते तुझे नव्हेत. म्हणून आभारांसोबत हिशेबही द्यायला हवा: एकूण किती जमले, शुल्क वजा जाता संस्थेपर्यंत किती पोहोचले, त्यातून काय होणार. हे संस्थेकडूनच विचारून घे, अंदाजानं फुगवून सांगू नकोस. काही महिन्यांनी काम उभं राहिलं की पुन्हा एकदा कळव. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात, आणि मला विचारशील तर खरे आभार तेच.

आता यादीत नसलेली माणसं. 1980 मध्ये टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण कर्करोग संशोधनासाठी निधी जमवायला कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, आणि आजार फुप्फुसांत पसरल्यानं त्याला थांबावं लागलं. त्याचं नाव जगाला माहीत आहे. त्याची व्हॅन चालवणारा आणि त्याच्यासाठी रांधणारा मित्र डग ऑलवर्ड मात्र फार थोड्यांना आठवतो. तुझी व्हॅन कुणी चालवली? पहाटे तुझ्याबरोबर कोण उठलं, तू सरावाला गेल्यावर घरातलं तुझं काम कुणी उरकलं, सोळाव्या किलोमीटरला तू चालायला लागलीस तेव्हा तुझ्यासाठी स्वतःचा वेग कुणी कमी केला? यांनी कुठेही रक्कम भरलेली नाही. यांना लिहू नकोस, समोर जाऊन सांग.

पाण्याच्या टेबलापाशी उभे असलेले स्वयंसेवकही आठव. धावणाऱ्याच्या हातात पेला नीट यावा म्हणून ते तो खालून, बोटांच्या टोकांवर धरतात, आणि बाहीपर्यंत भिजत तासन्‌तास उभे राहतात. त्यांची नावं तुला कळणार नाहीत. आयोजकांना चार ओळी लिही आणि त्या त्यांच्यापर्यंत पोहोचवायला सांग.

ज्यांनी काहीच दिलं नाही, त्यांच्याशी तुझं वागणं तसूभरही बदलू देऊ नकोस. प्रत्येकाची अडचण आपल्याला दिसत नाही.

एक शेवटचं. आभाराच्या पत्रात पुढच्या शर्यतीचा विषय काढू नकोस, मनात ठरलेली असली तरी. नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष मागणीवरच जाईल. ती मागणी वेगळं पत्र लिहून, सावकाश कर. माझं नाव पहिल्या देणगीत धर.

तुझा,
काका