पहिला गेमिंग संगणक : पैसा कोठे घालावा?

प्रश्न : मी अकोल्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन जमवलेल्या ६०,००० रुपयांत पहिला गेमिंग संगणक असेंबल करून घ्यायचा आहे. १०८० पिक्सेलचा मॉनिटर घरी आहे. मी मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये आय७-३७७० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आहे. कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) मोफत मिळेल. हे घ्यावे का?

उत्तर : हे कोटेशन घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आय७’ हे नाव भारदस्त वाटते. पण त्यापुढच्या ३७७० या आकड्यातला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, आणि हा प्रोसेसर २०१२ साली बाजारात आला होता. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचे तर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारी सोय) या दोन्ही सोयी सुरू असाव्या लागतात. त्या काळच्या मदरबोर्डवर टीपीएम २.० नसते, म्हणजे ज्या खेळासाठी तुम्ही पैसे जमवले तोच अडेल.

तुमच्या रकमेत मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर सुचवीन. त्यात सहा कोअर आहेत, सोबत कूलर येतो आणि बी५५० मदरबोर्डवर तो नीट बसतो. मात्र त्यात अंगचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीही दिसणार नाही. सर्वांत मोठा वाटा, म्हणजे सुमारे एक तृतीयांश रक्कम, ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवा, कारण खेळ किती सफाईने चालेल हे बहुतांशी त्यावरच ठरते. ८ जीबीचे रेडिऑन आरएक्स ६६०० तुमच्या मॉनिटरला पुरेसे आहे. ३२ जीबी रॅमची तुम्हाला सध्या गरज नाही. १६ जीबी घ्या, पण ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्ही मिळून काम करतात तेव्हा प्रोसेसरला माहिती अधिक वेगाने मिळते. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवाव्या लागतात. साठवणुकीसाठी निदान ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे.

आता त्या मोफतच्या एसएमपीएसविषयी, कारण मला खरी काळजी तिथेच वाटते. दुकानात तो हातात घ्या आणि अंगावरच्या तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक तिथूनच भागते. तिथे समजा १६ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट एवढीच खरी ताकद आहे, मग खोक्यावर ५०० छापलेले का असेना. एकट्या आरएक्स ६६०० ला १३२ वॅटपर्यंत वीज लागते आणि प्रोसेसर ६५ वॅटचा आहे. तेवढ्यातच ती ताकद संपते. माझ्या पहिल्या संगणकात असाच एक मोफतचा एसएमपीएस होता. एका पावसाळी संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली-आली, करपल्याचा वास आला आणि एसएमपीएससोबत मदरबोर्डही गेला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की, दिव्यांचे पैसे वाचवा, पण नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस वेगळा विकत घ्या. ‘८० प्लस’ची खूण वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते, म्हणून त्या खुणेवर न थांबता वॉरंटी किती वर्षांची आहे तेही पाहा, पाच वर्षांची मिळाली तर उत्तम.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा समोर काच असलेले बंदिस्त कॅबिनेट टाळा. पुढे जाळी असलेले, आत हवा ओढणारे दोन पंखे असलेले साधे कॅबिनेट घ्या आणि दर महिन्याला जाळीवरची धूळ झाडा.

प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्या आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या, कारण वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो. जुळणी झाल्यावर दोन गोष्टी दुकानातच तपासा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी, आणि बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, सुरू असावी. ती बंद राहिली तर ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम त्याहून कमी वेगावर चालत राहते, आणि वर्षानुवर्षे ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रश्न : वापरलेले ग्राफिक्स कार्ड स्वस्तात मिळते आहे. घेणे योग्य होईल का? (पनवेल)

उत्तर : वॉरंटी शिल्लक असेल आणि मूळ बिल मिळत असेल, तरच घ्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने व्यवहार पडताळण्याची आपली पद्धत बदलल्यावर त्याच्या मायनिंगसाठी, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणिते सोडवून ते चलन मिळवण्यासाठी, रात्रंदिवस चाललेली अनेक कार्डे बाजारात आली. अशा कार्डांच्या पंख्यांची झीज झालेली असू शकते. विक्रेत्यासमोर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून पाहा; पडद्यावर ठिपके किंवा रेषा उमटल्या, अथवा पंखा खरखरला, तर सौदा करू नका.