गणपतीपासून उभी असलेली गाडी सुरूच होत नाहीये

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही डोंबिवलीला राहतो, आमची 2012 ची पेट्रोल गाडी गावी गुहागरला असते. गणपतीत वापरली होती, त्यानंतर थेट आता मे महिन्यात आलोय. चावी फिरवली की टकटकटक आवाज येतो, डॅशबोर्डचे लाइट मंद होतात आणि पुढे काहीच नाही. शेजारचे दादा म्हणतात उतारावरून धक्का मारू, लगेच चालू होईल. मारू का? टाकीत थोडं जुनं पेट्रोल आहे, ते चालेल का?

उत्तर : धक्का अजिबात नको, आणि सारखी चावी फिरवणंही थांबवा. तुमच्या गाडीत पेट्रोल पंप, इंजेक्टर सगळं विजेवर चालतं, बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर कितीही ढकला, पेट्रोल इंजिनपर्यंत पोचणारच नाही. शिवाय इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टेअरिंग जड, त्यात कोकणातला उतार, उगीच जीवाशी खेळ.

टकटकटक आणि मंद लाइट म्हणजे बहुतेक बॅटरीच. पण दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला केबल लावायच्या आधी बॉनेट उघडा आणि उंदीर बघा, हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय कारण लोक इथेच घाई करतात. एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून आत बघा, काथ्या, पेंढा, चिंध्या काहीही निघू शकतं, आणि वायरी कुरतडलेल्या असतील तर गाडी सुरू करायचा हट्ट नको, शॉर्ट होऊन आग लागू शकते, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. हे साफ करताना हातात ग्लोव्हज आणि तोंडाला मास्क हवाच, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो हे कोकणात वेगळं सांगायला नको.

मग बॅटरीचे टर्मिनल बघा, म्हणजे वायरी जोडायची प्लस-मायनस टोकं. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यावर पांढरट-हिरवट पावडर जमते आणि करंटच जात नाही. दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडा, मग प्लस, गरम पाणी आणि खायच्या सोड्याने घासा, पुसून कोरडं करा, लावताना उलटं, आधी प्लस. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज बघा, चांगली चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर ती बसलीच समजा.

आता जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या चांगल्या गाडीच्या बॅटरीवरून तुमची सुरू करणं. लाल केबल तुमच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला, काळी चांगल्या गाडीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीने पेटतो. दुसरी गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवा मग चावी फिरवा, एका वेळी पाच-सात सेकंदच, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो.

इंजिन नीट फिरतंय पण पेटत नाही असं झालं तर चावी नुसती ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या, पंपाची दोन सेकंद घूंऽऽ ऐकू यायला हवी. आली नाही तर फ्यूज बघा, नाहीतर पंप अडकलाय. पेट्रोलचं म्हणाल तर आपल्याकडे आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी रिकामी असली की आत हवा जास्त. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून वासात फरक वाटत असेल तर मेकॅनिककडून टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, चांगलं असेल तर वर ताजं 10-15 लिटर टाका.

सुरू झाली की लगेच हायवेला नेऊ नका. हॅण्डब्रेक चिकटलेला असू शकतो, अंगणातच पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकून हळू पुढे-मागे करा, ब्रेक दोन-चारदा दाबून बघा, टायरमध्ये हवा भरा, कडेला चिरा नाहीत ना बघा. इन्शुरन्स आणि पीयूसीची तारीखही तपासा. मग तासभर चालवा, नुसती उभी ठेवून बॅटरी भरत नाही. चार-पाच वर्षं जुनी असेल तर बदललेलीच बरी.

आणि परत जाताना टाकी फुल, मायनस टर्मिनल सोडलेलं, हॅण्डब्रेक खाली, पहिला गिअर आणि चाकांना दगड. गावातल्या कुणाला दर रविवारी पाच मिनिटं चालू करायला सांगू नका, त्याने बॅटरी उलट उतरते आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. कुणी भरवशाचं असेल तर महिन्यातून एकदा वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा, अशा वेळी टर्मिनल परत लावायला मात्र शिकवून जा.